आईच्या पाटल्या, लेकीचा साज आणि कमी भरलेले ८ ग्रॅम

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. निपाणीजवळच्या तुमच्या गावातून तुम्ही कोल्हापूरला एका सोनाराकडे गेलात. आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ मिळून ६० ग्रॅम सोनं त्याच्या हवाली केलंत आणि लेकीच्या लग्नासाठी २१ पानांचा हातघडणीचा कोल्हापुरी साज सांगितलात. मजुरी २२ हजार ठरली, त्यातले १० हजार आगाऊ दिलेत. आता साज तयार आहे, पण वजन भरतंय ५२ ग्रॅम. सोनार म्हणतो, बाकीची घट गेली. शिवाय काम वाढलं म्हणून मजुरी ३५ हजार मागतो आणि ती मिळाल्याशिवाय साज सोडत नाही. लग्न वीस दिवसांवर आलंय. तुमच्याकडे पुरावा म्हणून वजन लिहिलेली चिठ्ठी, काट्यावर ठेवलेल्या दागिन्यांचा फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आहे. ‘त्यानं सोनं मारलं का?’ हा तुमचा प्रश्न.

खरं सांगायचं तर आज कुणीच तसं ठामपणे म्हणू शकत नाही. हिशेब करून बघा. जुने दागिने २० कॅरेटचे असतील, तर ६० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ५० ग्रॅम असतं. तेवढ्या सोन्याचा २२ कॅरेटचा दागिना साधारण साडेचोपन्न ग्रॅमचा होतो. म्हणजे साडेपाच ग्रॅम कमी भरले तरी कुणी चोरी केली असं होत नाही. जुन्या घडणीत सोन्याचे भाग जोडणारे टाके पुष्कळ असतात, मळही असतो, त्यामुळे गाळल्यावर आणखी थोडं कमी होतं. पण तेच दागिने २२ कॅरेटचे असतील तर ८ ग्रॅमची घट कुठल्याही कारागिराला सहज पटवून देता येणार नाही. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. साजाच्या मण्यांत किंवा पानांत लाख भरली आहे का? भरली असेल, तर ५२ ग्रॅम हे लाखेसकटचं वजन असेल आणि निव्वळ सोनं त्याहून कमी.

आईच्या दागिन्यांचा कस किती होता, हे ते दागिनेच सांगू शकले असते. ते तुमच्या माघारी, कस न लावता गाळले गेले. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तक्रारीत चोरीच्या आरोपाआधी तोच यायला हवा. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणं म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे निक्षेप. कलम १५१ म्हणतं, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेणाऱ्यानं घेतली पाहिजे. वस्तू कमी होऊन परत आली, तर ती का कमी झाली हे घेणाऱ्यानं सांगायचं असतं. गाळणीचं वजन, कसाची नोंद, लाखेचं वजन हे सगळं त्याला दाखवू द्या.

आता अडवून ठेवण्याचं. इथे कायदा काही अंशी सोनाराच्या बाजूनं आहे. कलम १७० प्रमाणे कारागिराला आपल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. कायद्यात दिलेलं उदाहरणही जवाहिऱ्याचंच आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा. पण हा हक्क ठरलेल्या मजुरीपुरता आहे. तुमचे १२ हजार देणं बाकी आहे, तेवढ्यासाठी तो साज ठेवू शकतो. वरच्या १३ हजारांना तुमची संमती कधी घेतली, हे त्यानं दाखवलं पाहिजे.

म्हणून आजच व्हॉट्सअॅपवर लिहा, ‘ठरलेले २२ हजार पूर्ण करायला उरलेले १२ हजार द्यायला मी तयार आहे. सोन्याच्या घटीचा लेखी हिशेब द्या.’ चार दिवसांत दाद दिली नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: लग्न जवळ आलंय, साज घरी आणा. मागितलेले पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. त्याच दिवशी संदेश पाठवा की जादा रक्कम आणि कमी वजन या दोन्हींवर हरकत राखून दागिना घेतला. त्यानं ‘सर्व हिशेब पूर्ण, तक्रार नाही’ असल्या कागदावर सही मागितली, तर ती अजिबात करू नका.

साज हाती आला की हॉलमार्क बघा. त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असेल, तर तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात कस तपासून अहवाल घ्या. लेक एकदा बोहल्यावर चढली की मग तपासू, असं करू नका. तपासणीआधी साज दुरुस्तीसाठीही दुसऱ्या सोनाराकडे देऊ नका.

कोल्हापूरला खेटे घालावे लागतील, ही तुमची भीती मला समजते. सीमाभागातली माणसं नात्यासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी तिकडं जातात आणि कज्जा निघाला की हद्दीवर अडतात. पण २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं इथे मोठा आधार दिला. कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुमची तक्रार बेळगावच्या आयोगात चालेल, सोनार कोल्हापूरचा असला तरी. तक्रारीची रक्कम तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. तुमची मजुरी ५ लाखांच्या कितीतरी आत असल्यानं तक्रारीला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत तयार करा आणि मराठी चिठ्ठी व संदेशांची भाषांतरं जोडा. चिठ्ठी मराठीत आहे म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

गावातले लोक पोलिसांत जा म्हणतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये विश्वासघाताचा गुन्हा आहे खरा, पण त्याला अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. कसाचा अहवाल आणि सोनाराचा लेखी हिशेब हाती येण्याआधी मी ती वाट धरणार नाही.

चिठ्ठीवर सोनाराची सही आहे की नाही, हे तुम्ही लिहिलं नाही. नसली तरी चालेल, अक्षर त्याचं आहे. तिची आजच झेरॉक्स काढा, मूळ चिठ्ठी पाकिटात घालून ठेवा, आणि काट्याचा तो फोटो ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल विकू किंवा बदलू नका.