क्रोशाची खेळणी आणि अभ्यासाची पुस्तकं : काय ठेवावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न असा, की कुणीतरी घर आवरताना पुस्तकांचा गठ्ठा तुम्हाला देऊ केलाय. निम्मी क्रोशाच्या खेळण्यांची, निम्मी अभ्यासाची : भूमिती, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन. बहिणीला खेळणी शिकायची आहेत, मुलगी गणित घेऊन पदवी करतेय आणि कपाटात जागा बेताची.

खेळण्यांपासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. मुखपृष्ठावरच्या गोंडस सशाला भुलू नका. मधलं एखादं पान उघडा आणि पेन्सिल घेऊन चक्क बेरीज करा. बहुतेक खेळण्यांचं डोकं 6 मुक्या खांबांच्या (मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका, साधा टाका) मॅजिक रिंगने, म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या फासाने सुरू होतं आणि दर फेरीला 6 टाके वाढत जातात : 6, 12, 18, 24, 30. पाचव्या फेरीत लिहिलेलं असतं, '3 मुके खांब, पुढच्या टाक्यात वाढ, असे 6 वेळा'. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके, घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. म्हणजे दर वेळी खालचे 4 टाके संपतात आणि वर 5 तयार होतात, 24 चे 30 झाले, हिशेब जुळला. अशा दोन-तीन वाढीच्या आणि एक-दोन घटीच्या फेऱ्या तपासा. फेरीच्या शेवटी एकूण टाके छापलेलेच नसतील, तर शिकाऊ माणसासाठी ते पुस्तक बाद. आणि आकडा छापलाय पण बेरीज वेगळीच येते, असं दोनदा झालं तर कुणासाठीच ठेवू नका.

ही बेरीज आताशा जास्तच गरजेची झालीय. संगणकाकडून चित्रं आणि मजकूर काढून घेऊन घाईघाईत छापलेली पुस्तकं बरीच फिरतायत. त्यातली चित्रं दिसतात झकास, पण नीट पाहिलं तर टाके एकमेकांत विरघळलेले असतात, फेऱ्या मध्येच गायब होतात, कान कुठून निघालाय ते कळत नाही. चांगल्या पुस्तकात खेळण्याचा पाठीकडून आणि बाजूने फोटो असतो, अर्धवट विणलेल्या तुकड्याचा असतो, पाय नेमके कितव्या फेरीपाशी शिवायचे तेही लिहिलेलं असतं. नुसता समोरून काढलेला एकच फोटो असेल तर मी ते पुस्तक बाजूला ठेवतो.

पुढची अडचण परिभाषेची. अमेरिकन पुस्तकातला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश पुस्तकातला डबल क्रोशे. दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. ब्रिटिश पुस्तक अमेरिकन समजून विणलं, तर मुक्या खांबाच्या जागी उंच खांब पडतात, अस्वल लांबुडकं होतं आणि टाक्यांमधून आत भरलेला फायबर डोकावतो. ओळखायची खूण सोपी आहे : पुस्तकात कुठेही सिंगल क्रोशे हे शब्द आले तर ते बहुधा अमेरिकन पद्धतीचं. गठ्ठ्यात जपानी पुस्तकं असली तर भाषेला घाबरून सोडू नका. त्यांच्या आकृत्या चिन्हांच्या असतात. वाढ इंग्रजी व्ही अक्षरासारखी, घट तीच उलटी, आणि शेजारच्या तक्त्यात फेरीचा क्रमांक आणि टाक्यांची संख्या. माझ्या मते शिकायला ही सगळ्यात स्वच्छ पुस्तकं.

आणखी एक बारकावा, यावरून लेखकाचा हात कळतो. दर फेरीत वाढ बरोबर आधीच्या वाढीवरच घेतली, तर चेंडू गोल न होता षटकोनी दिसायला लागतो. जाणकार लेखक एकाआड एक फेरीत वाढ थोडी सरकवतो. आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लॅस्टिकचे डोळे न लावता दोऱ्यानेच भरा, अशी सूचना नसेल तर त्या लेखकावर माझा भरवसा बसत नाही.

आता मुलीकडे येतो. तिला आत्याच्या, मावशीच्या, जी कोण असेल तिच्या शेजारी बसवा आणि विचारा, दर फेरीला सहाच का? मुका खांब जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच उंच असतो. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ 2π, म्हणजे सुमारे 6.28 टाक्यांनी. सहा वाढवले की चकती सपाट राहते. वाढ थांबवली की नळी होते, घटवत गेलं की वाटी मिटते. उलट, दर 5 टाक्यांमागे 1 वाढ असा ठराविक हिशेब धरला, तर 20 टाक्यांच्या ओळीचे 10 ओळींनंतर साधारण 124 टाके होतात आणि कापडाला झालरी पडू लागतात. हाच अतिवलयी प्रतलाचा, म्हणजे कडेकडे झपाट्याने पसरत जाणाऱ्या वक्र पृष्ठभागाचा नमुना. डायना तायमिना या लाटवियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी कॉर्नेल विद्यापीठात 1997 मध्ये तो क्रोशाने केला, कारण त्याआधीचे कागदी नमुने हाताळताना फाटत. त्यांच्या या विषयावरच्या 2009 च्या पुस्तकाला आधी सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीस मिळालं आणि 2012 मध्ये गणिताच्या पुस्तकांसाठीचा ऑयलर पुरस्कार. हे पुस्तक गठ्ठ्यात निघालं तर डोळे मिटून ठेवा, दोघींना उपयोगी पडेल. तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठात असलेल्या हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउसकॉप्फ या गणितज्ञांनीही लॉरेन्झ समीकरणांमधला (ही हवामानाच्या अभ्यासातून आलेली समीकरणं) एक पृष्ठभाग 25,511 टाक्यांत विणून दाखवला होता. गणितातली माणसं सुईला कमी लेखत नाहीत, एवढं बहिणीला जरूर सांगा.

अभ्यासाच्या पुस्तकांचं थोडक्यात. भूमिती आणि कॅल्क्युलस शिळं होत नाही. जुनी आवृत्ती चालेल, फक्त उदाहरणांची उत्तरं मागे आहेत का ते बघा, कारण उत्तरांशिवाय एकट्याने अभ्यास करणं जड जातं. संख्याशास्त्रात मूळ सिद्धान्त टिकतात, सॉफ्टवेअरची प्रकरणं टिकत नाहीत. रसायनाच्या पुस्तकात आवर्तसारणीची शेवटची ओळ बघा : निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन, ओगानेसॉन ही नावं 2016 मध्ये ठरली. ती नसली म्हणून पुस्तक टाकाऊ होत नाही, पण वय कळतं. प्राणिशास्त्रात मात्र वय जाणवतं. डीएनएच्या अभ्यासानंतर देवमासे हे पाणघोड्याचे जवळचे नातलग ठरले आणि गाय, हरीण अशा समखुरी प्राण्यांच्या गटात जाऊन बसले. जुन्या पुस्तकात ते वेगळेच असतात. परीक्षेसाठी नको, पण चित्रं चांगली असतील तर तेच पुस्तक बहिणीला द्या. कासवाच्या पाठीवरचे पट्टे कसे जातात, ऑक्टोपसचे डोळे कुठे असतात, हे खेळण्यांच्या पुस्तकापेक्षा तिथे नीट कळतं.

जागा फारच कमी असेल तर खेळण्यांची दोनच ठेवा : एक फेरीनिहाय लिहिलेलं आणि एक चिन्हांच्या आकृत्यांचं. बाकीच्यांच्या आतल्या पानांचे फोटो इथे टाका, मुखपृष्ठांचे नकोत. बघून सांगतो.