ढवळ्याची सर्दी आणि मारिओचा आवाज

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपारचे दोन

प्रिय बेटा,

तुझ्या तिन्ही क्लिपा ऐकल्या. दोनदा नुसत्या मोबाइलवर आणि एकदा हेडफोन लावून, कूलर बंद करून. मे महिन्यात नागपुरात कोणी कूलर बंद करून तुझं काही ऐकलं, तर त्या माणसाचा तुझ्यावर जीव आहे असं खुशाल समज.

आधी अभिनंदन. गेममधल्या त्या खारीचा आवाज आता तुझ्याकडे आला. आधीची मुलगी तीन भाग करून पुण्याला गेली, चौथ्यापासून तू. स्टुडिओवाल्यांनी तुला सांगितलं, ‘सेम टू सेम पाहिजे, पोरांना फरक कळला नाही पाहिजे.’ ते तू चांगलंच मनावर घेतलं आहेस. तिसरी क्लिप ऐकताना मला वाटलं, पोरीनं चुकून जुन्या मुलीचीच पाठवली. मग तुझं ते नेहमीचं घसा खाकरणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. आणि तिथेच मला जरा काळजी वाटली.

तुला ढवळ्याची गोष्ट मी कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटत नव्हती.

कपाशीच्या बियाण्याची एक कंपनी होती, नाव नको. पिशवीवर एक पांढरा बैल, डोक्याला फेटा, दात दाखवून हसणारा. त्याचा आवाज मी काढायचो. पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सणसणीत सर्दी झालेली. ‘राम राम, कास्तकार भाऊ!’ एवढंच वाक्य होतं. पण ‘राम राम’ म्हणेपर्यंत नाक पूर्ण चोंदायचं, मग तोंडानं श्वास घ्यायचा, त्यात एक बारीकसं ‘हं’ निघायचं, आणि मग ‘कास्तकार भाऊ’. पुन्हा करू म्हटलं तर साहेब म्हणाले, ‘राहू द्या, बैल वाटून राहिला.’ राहिलं. अकरा हंगाम मी ढवळ्या होतो. पुढे सर्दी नसतानाही ते ‘हं’ काढावं लागे.

बाराव्या हंगामाच्या जूनमध्ये कॉटन मार्केटसमोर चहा घेत होतो. समोरून ऑटो गेला, वर भोंगा. ‘राम राम... हं... कास्तकार भाऊ!’ आवाज माझा, पण मी नव्हतो. मला कोणी फोनसुद्धा केला नव्हता. पैशाचं एक वेळ सोड. हातातला ग्लास तसाच राहिला. माझ्या जागी घेतलेलं पोरगं हुशार होतं, सगळं उचललं होतं त्यानं, सर्दीसकट. माझ्या चोंदलेल्या नाकाचं ‘हं’ तो धडधाकट नाकानं काढत होता. आणि तेवढ्यापुरता बैल मेला होता. का मेला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज थोडंफार सांगता येईल, त्यासाठी मला मारिओची मदत घ्यावी लागेल.

हसू नको. तुमच्या पिढीला मारिओ म्हणजे फोनमधला एक गेम. आमच्या घरात मोठ्या मुलानं हट्ट करून बर्डीच्या बाजारातून, मोदी नंबर तीन या गल्लीतून, टीव्हीला जोडायचं खोकं आणलं होतं, आणि दुपारभर तो लाल टोपीवाला उड्या मारायचा. मुका होता तो. मुका असणारच. १९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘डाँकी काँग’ गेममध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला धड नावही नव्हतं, ‘जम्पमॅन’ म्हणत. त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोंना त्याला बसवायला सोळा गुणिले सोळा ठिपके मिळालेले. तेवढ्यात तोंड कुठे काढणार? म्हणून मिशी आली. केस नीट दिसेनात म्हणून टोपी. ज्याला तोंडच काढता आलं नाही तो बोलणार कुठून!

पण मुका म्हणजे बिनआवाजी नव्हे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये उडी मारली की जो सूर वर चढतो, तो नीट ऐक. यूट्यूबवर मिळेल. छोटा मारिओ उडी मारतो तेव्हा तो सूर बारीक असतो. मशरूम खाऊन मोठा झाला की तीच उडी, पण सूर खालचा. सगळा गेम चाळीस किलोबाइटचा; आज तुझ्या एका फोटोत असे कितीतरी मावतील. तेवढ्या अडचणीतही कोणाला तरी सुचलं, की अंग वाढलं की आवाज उतरतो. मारिओचा पहिला आवाज मी त्यालाच मानतो. गळा नाही, शब्द नाही, पण अंगाचं वजन आहे.

उरलेला आवाज पोरं स्वतः पुरवायची. आमचा मोठा खड्ड्यात पडताना ‘अबे अबे अबे’ करायचा, आणि शेजारचा एक जण प्रत्येक उडीला ‘हौ!’ म्हणायचा. आमच्या महाल मोहल्ल्यातला मारिओ पक्का नागपुरी होता.

मग लोकांनी त्याच्या तोंडी आवाज घालून पाहिले. १९८३ च्या अमेरिकन कार्टूनमध्ये तो पीटर कलनच्या आवाजात बोलला. हे तेच कलन, ज्यांनी पुढच्याच वर्षी ऑप्टिमस प्राइम या ट्रकचा रोबोट होणाऱ्या गड्याला खर्जातला आवाज दिला. १९८९ मध्ये लू अल्बानो आले. कुस्तीच्या धंद्यातला दांडगा माणूस, घोगरा, ब्रुकलिनच्या गल्लीतला नळवाला वाटावा असा. वाईट नव्हतेच ते. पण डोळे मिटून ऐक आणि मग त्या टोपीवाल्याची उडी बघ. हा आवाज काढणारा माणूस स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वर उडेल, असं वाटतं का? ते आवाज ‘इटालियन नळवाला’ या कागदावरच्या दोन शब्दांना होते. उडीला कोणी आवाज दिलाच नव्हता.

तो दिला चार्ल्स मार्टिनेंनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. व्यापारी प्रदर्शनात पडद्यावर मारिओचं नुसतं डोकं असायचं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायचं; आडोशाला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला सेन्सर लावलेले, त्याचे ओठ हलले की मारिओचे हलायचे. त्या कामाच्या निवडीला मार्टिने शेवटच्या घटकेला पोचले, सामान आवरायला लागले होते. त्यांना सांगितलं गेलं तेच, ब्रुकलिनचा इटालियन नळवाला. त्यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे, की पहिल्यांदा त्यांच्याही डोक्यात घोगरा आवाजच आला होता. मग वाटलं, पोरं भेटायला येतील, ती घाबरतील. ते मुळात नाटकवाले. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मधला ग्रेमिओ हा म्हातारा त्यांनी रंगवलेला. तो आवाज त्यांनी वर उचलला, हलका केला, आणि पिझ्झा कसा करायचा यावर टेप संपेपर्यंत बडबडत राहिले.

इथे जरा थांब. घोगऱ्याचा हलका झाला, हा बदल गळ्यातून आला नाही. समोर कोण उभं आहे, या विचारातून आला. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकात मुरलेला नट मागच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून जसा शब्द फेकतो, तसंच हे.

आता गंमत बघ. प्रदर्शनात तासन्‌तास बोलणारा हा मारिओ १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’मध्ये आला, आणि जवळजवळ गप्प झाला. तोवर यंत्रात जागा झाली होती, कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायचं गेमचं डबडं, आठ मेगाबाइटचं होतं. (याआधी जागेची किती मारामार असेल? सेगा या दुसऱ्या कंपनीच्या पहिल्या ‘सॉनिक’ गेममध्ये, १९९१ साली, सुरुवातीला जी ‘सेऽगा’ अशी आरोळी येते, तिनं म्हणे कार्ट्रिजचा आठवा हिस्सा खाल्ला होता. एका आरोळीसाठी!) तर मारिओ सुरुवातीला ‘इट्स-अ मी, मारिओ!’ म्हणतो, आणि मग नुसते हुंकार. पहिली उडी छोटी, ‘हू’ किंवा ‘या’. लागोपाठ दुसरी मारली तर ‘हूहू’. तिसरी उंच कोलांटीची, तिला ‘याहू!’ जीव कमी उरला की धापा. आणि तुम्ही रिमोट खाली ठेवून पाणी प्यायला गेलात, तर हा तिथेच आडवा होतो, घोरतो, आणि झोपेत स्पॅगेटी, राव्हिओली असं पुटपुटतो. त्या दोन शब्दांत अख्खा माणूस आहे. भाषण देऊन एवढं जमलं नसतं.

२०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’पर्यंत यंत्रं कुठल्या कुठे गेली, पाहिजे तर तासभर संवाद घालता आले असते. तरी हा गडी लांब वाक्य बोलत नाही. मला वाटतं, आमच्या मोठ्याच्या ‘अबे अबे’साठी त्यांनी जागा ठेवली. हे माझं मत, कंपनीचं नव्हे.

२०२३ मध्ये मारिओचा सिनेमा आला, त्यात ख्रिस प्रॅट हा नट साध्या बोलण्यात मारिओ झाला. दीड तास पडद्यावर गप्पा मारणारा मारिओ वेगळाच लागणार, त्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. मार्टिने त्यात मारिओच्या बापाच्या आवाजात आहेत, ते मात्र मला आवडलं. त्याच वर्षी २१ ऑगस्टला निन्टेंडोनं जाहीर केलं, की मार्टिने गेममधला आवाज थांबवताहेत आणि ‘मारिओ अँबॅसडर’ म्हणून राहतील. २० ऑक्टोबरला ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ आला, त्यात मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी दोघेही केविन अफगाणी यांच्या आवाजात. सत्तावीस वर्षं जगाच्या कानात बसलेला आवाज, आणि त्यावर नवीन गळा. तुझ्या जागी तो होता, बेटा. फक्त तुझ्यामागे तीन भाग आहेत, त्याच्यामागे डोंगर होता.

मी ते हुंकार जुन्यांच्या शेजारी लावून ऐकले. (निवृत्त माणसाला वेळ असतो.) फरक कळतो. कळावाच. त्यानं मार्टिनेंच्या गळ्यातला खरखरीतपणा उचलायला जाऊन घसा सोलून घेतला नाही. त्यानं हलकेपणा घेतला, आनंद घेतला, उडीच्या टोकाला आवाज जसा सुटतो ते घेतलं. म्हणजे मारिओचं ते घेतलं, मार्टिनेंचं त्यांच्याकडे राहू दिलं. ढवळ्याच्या पोराला हे कोणी सांगितलं नाही. मीही सांगू शकलो असतो, पण मी रुसून बसलो होतो.

आता तुझी खार. आधीच्या मुलीचे तिन्ही भाग पुन्हा ऐक आणि वहीत दोन रकाने कर: खारीचं काय आणि त्या मुलीचं काय. मला ऐकू आलं ते सांगतो. खार कधीच वाक्य पुरं करत नाही, शेवटचा शब्द अर्धा टाकून पुढच्या फांदीवर. हे खारीचं, हे सोडू नको. पण ‘ना’ लांबवणं, ‘चल नाऽऽ’, हे त्या मुलीचं स्वतःचं बोलणं आहे. तू ते इतकं हुबेहूब काढलं आहेस की अंगावर काटा आला, चांगला नव्हे. तू तशी बोलत नाहीस. तुझ्या तोंडी ते माझं ‘हं’ झालं आहे.

स्टुडिओकडून खारीच्या हालचालीचे व्हिडिओ मागून घे, आवाज बंद करून. उडी किती वेळाची, टेकते केव्हा, शेपूट मागून येते का? पहिल्या दोन क्लिपांत तुझी खार टेकण्याआधीच आनंदानं ओरडते. आधी पाय, मग आनंद. आणि एकच उडी पोरगं दिवसात हजारदा ऐकणार, त्याच्या आईलाही ऐकावी लागणार. एका उडीचे निदान दहा प्रकार दे, म्हणजे ते गेममध्ये आलटूनपालटून लावता येतील. सगळ्यांत गोड वाटेल तो प्रकार स्वतःहून काढून टाक. पन्नासाव्या वेळी तोच सगळ्यांत जास्त डोकं उठवतो.

पडण्याचे, किंचाळण्याचे आवाज शेवटी ठेव. सुरुवातीला केलेस तर उरलेला दिवस घसा बसलेला. माइकपासून एरवी वीतभर, किंचाळताना दोन-तीन वितींवर जा आणि तोंड जरा बाजूला. घसा बसलाच तर कुजबुजत बोलू नको, त्यानं आणखी ताण पडतो, गप्पच राहा. नमुना व्हॉट्सअॅपवर नुसता ढकलू नको, तिथे आवाज दाबला जातो. मूळ वेव्ह फाइल पाठव.

आणि कागद. माझ्याकडे अकरा वर्षांत एक चिटोरं नव्हतं. तुझं नाव श्रेयनामावलीत येणार का, हा आवाज पुढे दुसऱ्या कुठल्या कामाला वापरणार का, यंत्राला शिकवून त्याच्याकडून तुझ्या आवाजात नवी वाक्यं बोलून घेणार का, हे तिन्ही लेखी घे. लाज वाटली तर माझं नाव सांग, म्हण काका फार कटकट्या आहेत.

पुण्याला गेलेल्या त्या मुलीला एक फोनही कर. परवानगी मागायला नाही. नुसतं विचार, पहिल्या दिवशी तिनं खार कशी शोधली, तिच्या डोळ्यांसमोर कोण होतं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ढवळ्या म्हणजे माझ्या आजोबांच्या गोठ्यातला एक आळशी, लाडावलेला बैल होता. सर्दी उगाच मध्ये आली.

पुढच्या रविवारी सकाळी आठच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. गोदरेजच्या कपाटामागे दोन गाद्या लावून कोपरा करून ठेवतो. येताना तर्री पोहे आण, तर्री वेगळी बांधून. रेकॉर्डिंग झाल्यावर खाऊ, आधी नाही. आणि हो, माळ्यावर ढवळ्याची जुनी कॅसेट सापडली आहे. टेपरेकॉर्डर चालला तर ती सर्दी तुला ऐकवतो.

तुझा,
काका