पहाटे साडेचारला उठूनही माझं काय चुकतंय?

ताई, मी 41 वर्षांची. डोंबिवलीत राहते, फोर्टमधल्या बँकेत नोकरी करते. दिवाळीपासून आयुर्वेदातली दिनचर्या पाळायची असं ठरवलं आणि मोबाइलवर बघून बघून सगळं वहीत लिहून काढलं. पहाटे साडेचारला उठते. लिटरभर कोमट पाणी, जीभ घासणं, तेलाच्या गुळण्या, नाकात तूप, सर्वांगाला तेल, प्राणायाम आणि रिकाम्या पोटी गुळवेल-सुंठ-मिऱ्याचा काढा. मग डबे, मुलाची दहावी, सव्वाआठची लोकल. नवरा सेकंड शिफ्टहून रात्री अकराला येतो. त्याला गरम करून वाढायचं, ओटा आवरायचा, की बारा वाजतात. अंग हलकं होईल असं वाटलं होतं, पण उलटंच झालं. छातीत जळजळ, दुपारी ऑफिसात डुलक्या, घरात सगळ्यांवर चिडचिड. एखादा दिवस चुकला तर अपराध्यासारखं वाटतं. नवरा म्हणतो, ‘बंद कर ही थेरं.’ सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ आता जानेवारी अर्धा संपला, अजून फरक नाही. मी कुठे कमी पडते?
– दमलेली, डोंबिवली

अगं दमलेले,

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. रागावू नकोस.

तू कुठेही कमी पडत नाहीस. झोप कमी पडतेय. बारा ते साडेचार म्हणजे साडेचार तास, आणि त्यावर तू नस्य (नाकात तूप), गंडूष (तेलाच्या गुळण्या), अभ्यंग (सर्वांगाला तेल) असे एकावर एक मजले चढवत चाललीयस. मी वैद्य नाही, पण जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यामुळे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथातला दिनचर्येचा अध्याय मला मुळातून माहीत आहे. तुझ्या वहीतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे. पण तू ज्या तऱ्हेने ते पाळतेस, तसं तो कुठेच सांगत नाही.

पहिलीच ओळ घे. ‘ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत् स्वस्थो रक्षार्थमायुषः’. म्हणजे निरोग्याने आयुष्य जपण्यासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावं. उठायला सांगितलंय ते निरोगी माणसाला. अष्टांगसंग्रह या त्याच्या जोडीच्या ग्रंथात याच ठिकाणी आणखी एक अट घातलीय: रात्रीचं पचलंय की नाही हे आधी पाहावं. म्हणजे छातीत जळजळतंय, रात्रीचं जेवण अजून वर येतंय, झोप पुरी नाही, अशा बाईने गजर लावून उठावं असं शास्त्रात नाही.

आता घड्याळाचं पाहू. मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त, म्हणजे 96 मिनिटं, ब्राह्ममुहूर्त लागतो. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. हिशोब कर, ब्राह्ममुहूर्त पावणेसहाच्या आसपास येतो. जूनमध्ये सूर्य सहाला उगवतो, तेव्हा साडेचारचं गणित बरोबर बसतं. कुणीतरी जूनचं वेळापत्रक बाराही महिन्यांना चिकटवलंय, आणि तू थंडीत त्या मुहूर्तापेक्षाही तासभर आधी उठून बसतेस. आता उद्यापासून पावणेसहाचा गजर लाव, त्यात अधर्म नाही.

तरीही बाराला झोपून पावणेसहाला उठणं कमीच. आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथकार चरक, त्याने आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, म्हटलेत. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बलता हे सगळं झोपेवर अवलंबून आहे, असंही तो सांगतो. तेव्हा तुझी दिनचर्या सुरू होते ती रात्री, आणि तुझी रात्र अडलीय नवऱ्याच्या ताटापाशी.

इथे थोडं स्पष्ट बोलते. सकाळभर दात, नाक, तेल, व्यायाम, स्नान हे सगळं क्रमाने करणारा जो माणूस त्या अध्यायात दिसतो, त्याला आठ वाजता दोन डबे भरून द्यायचे नाहीत. त्याचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं. ते दुसरं कुणी आणि तो माणूस, दोन्ही तूच व्हायला निघालीस तर दमशील नाहीतर काय! एक धडधाकट पुरुष रात्री अकराला गॅस पेटवून आमटी गरम करू शकतो. त्याला ‘थेरं बंद कर’ म्हणायचा हक्क असेल, तर तुला ‘ताट तू वाढून घे’ म्हणायचा आहे.

तू म्हणशील, ताई, आम्ही दोघं बोलतो तेवढ्यातच. ते मला समजतं, आणि ती वेळ तोडून टाक असं मी सांगणार नाही. आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल त्या रात्री तर नक्कीच, त्याच्यासोबत बस. पण बस गप्पांसाठी. वाढायला आणि ओटा पुसायला नको. बाकीच्या रात्री साडेदहाला दिवा मालव. सवय एकदम तोडू नये, चतुर्थांशाने सोडावी असं वाग्भट सांगतो, आणि ते इथे लागू पडतं. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं आधी पड, मग आणखी तेवढीच.

नवऱ्यालाही वाग्भटातलं थोडं वाचून दाखव. रात्री जागरण झालं तर त्याच्या निम्म्या वेळाची झोप सकाळी, काही न खाता, भरून काढावी असं सांगितलंय. शिफ्टवाल्याला सकाळी उशिरापर्यंत झोपू द्यायला शास्त्राचा पाठिंबा आहे हे कळलं की त्याचा विरोध बराच मावळेल, बघ.

आता वहीतल्या एकेका ओळीचं. जीभ घासणं चालू ठेव, मिनिटभराचं काम आहे. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये असं वाग्भटाने स्वच्छ लिहिलंय, म्हणजे जळजळ आहे तोवर सर्वांगाला तेल नकोच. ती थांबली की रविवारी कर. अभ्यंगातही डोकं, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावं असं तो म्हणतो. रात्री तळपायाला तेल लावणं तुला आताही जमेल. तळपाय घासायला घरात काशाची वाटी असेलच.

लिटरभर पाण्याचा हट्ट सोड. उषःपान, म्हणजे पहाटे पाणी पिणं, नंतरच्या ग्रंथांत येतं, पण वाग्भट पाण्याबाबत सावध आहे. शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोग्यानेही पाणी बेताने प्यावं, असं तो म्हणतो. घोटभर, तहानेप्रमाणे पी. मात्र एक गोष्ट विचारायची आहे, तू लिहिली नाहीस पण लोकलने जाणाऱ्या बहुतेक बायकांची हीच कथा असते. स्टेशनातल्या संडासाला जावं लागू नये म्हणून तू दिवसभर पाणी टाळतेस ना? आणि लघवी रोखून धरतेस? वाग्भटाने दिनचर्येइतकाच तपशीलवार अध्याय या रोखून धरण्यावर लिहिलाय, त्यात अडवू नयेत असे वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, नावानिशी मोजलेत. पहाटे लिटरभर पिऊन नंतर संध्याकाळपर्यंत कोरडं राहणं, यापेक्षा नाकात तूप न घातलेलं परवडलं.

काढा मात्र आजच बंद. सुंठ, मिरी दोन्ही तिखट, त्यात रिकामं पोट आणि आधीच जळजळणारी छाती. गुळवेल तर कुणी तपासल्याशिवाय रोज घेऊच नकोस. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. हा वाद तज्ज्ञांना सोडवू दे, पण तुझ्या यकृतावर त्याचा प्रयोग नको.

आणि चिडचिड! दिनचर्येच्याच अध्यायात शरीराचं संपल्यावर वागण्या-बोलण्याचं मोठं प्रकरण येतं. वेळेवर, हिताचं, मोजकं आणि गोड बोलावं असा उपदेश आहे. इंद्रियांना पीडाही देऊ नये आणि फार लाडही करू नयेत, असंही आहे. मोबाइलवाल्यांनी हा अर्धा भाग तुला दाखवलाच नसेल, कारण त्यासाठी विकायला काही तेल नसतं. पहाटेचा सगळा कार्यक्रम पार पाडून मुलावर खेकसायचं, तर त्यापेक्षा एखाद्या सकाळी काहीच न केलेलं चांगलं. (त्याच अध्यायात औषधी धूम्रपान आणि विडाही सांगितलाय. तो तू वगळलासच ना? मग अजून थोडं वगळायला काय हरकत?)

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या वेळी असलं काही नव्हतं असं त्या म्हणतात, पण त्यांना विचार: दिवेलागणीनंतर जेवणं कधी व्हायची? दिवाळीत उटणं कोण लावायचं? न्हाण्याआधी डोक्याला तेल? त्या अर्धा तास सांगत बसतील. जमलं तर सातलाच सगळ्यांची पानं घ्यायचं काम त्यांच्याकडे सोपव. तुझं जेवणही नवऱ्यासाठी थांबलेलं असतं, हे तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतंय. अकराला जेवून बाराला आडवी होणाऱ्याच्या छातीत जळजळ झाली तर त्याला पित्तप्रकृतीचं नाव द्यायची गरज नाही.

शेवटी डॉक्टरांकडे जा, आणि हे टाळू नकोस. चाळिशीतल्या बाईला थकवा आणि डुलक्या नुसत्या अपुऱ्या झोपेने येतात असं धरून चालू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासून घे. पाळी जास्त जात असेल तर तेही सांग. जळजळ दोन-तीन आठवड्यांत थांबली नाही, गिळताना अडकायला लागलं किंवा शौचाला काळं झालं, तर लगेच. दिनचर्या एखाद्या पदवीधर वैद्यांकडूनच ठरवून घ्यायची असेल तर जरूर जा, पण त्यांना तुझी खरी वेळ सांग: डबे, लोकल, शिफ्ट, सगळी. त्यातून जे बसेल तेवढंच लिहून घे.

– तुझी ताई