फ्रेंच बोलतो तो फ्रेंच?

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा: त्यांच्या सोसायटीत काँगोचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. तो फोनवर फ्रेंच बोलतो हे ऐकून सेक्रेटरींनी भाडेकरूंच्या रजिस्टरात देश 'फ्रान्स' असा लिहून टाकला. पोराने चूक दाखवली तर म्हणाले, "अहो, पण तुम्ही फ्रेंच बोलता ना?" तर अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? फ्रेंच, फ्रेंच भाषिक की फ्रँकोफोन?

आधी ते 'भाषिक' काढा. भाषिक हे विशेषण आहे: भाषिक वाद, भाषिक अस्मिता. बोलणारा तो भाषक. वाचणाऱ्याला आपण 'वाचिक' म्हणतो का? तरी सभांमध्ये, बातम्यांमध्ये, कार्यक्रमपत्रिकांवर 'मराठी भाषिकांनो' सुरूच. तेव्हा 'फ्रेंचभाषक' म्हणा, संपलं. 'फ्रँकोफोन' म्हणजेही फ्रेंच बोलणाराच; हा शब्द ओनेझिम रेक्ल्यू या फ्रेंच भूगोलकाराने 1880 मध्ये वापरात आणला, आणि तोही माणसं वंशाने न मोजता बोलीने मोजायला. म्हणजे सेक्रेटरींच्या घोळावरचं औषध तेव्हाच निघालं होतं. सेक्रेटरींच्या हिशेबाने तर ते स्वतः इंग्रजीत नोटिसा काढतात म्हणून त्यांना इंग्रज म्हणावं लागेल.

पण खरी गंमत त्या 'फ्रँक'मध्ये आहे. ज्यांच्यावरून फ्रान्सला नाव पडलं ते फ्रँक लोक फ्रेंच बोलतच नसत! त्यांची बोली जर्मन-डच कुळातली. जर्मनीतलं फ्रँकफुर्ट म्हणजे फ्रँकांचा नदीउतार. गॉल प्रांत, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकून ते राजे झाले, पण रयत लॅटिनची मोडतोड करून बोलत होती आणि राजेही पुढे तेच बोलू लागले. म्हणजे रजिस्टर भरायला आपले सेक्रेटरी तिथे असते, तर अस्सल फ्रँकांपुढे त्यांनी 'जर्मनी' लिहिलं असतं. फार कशाला, 1794 मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने फ्रेंच राज्यक्रांतीच्या संसदेपुढे अहवाल मांडला, त्यात निदान 60 लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येत नाही, अशी कबुली आहे.

धर्मयुद्धांत अरबांनी या फ्रँकांचं नाव यच्चयावत युरोपियनांना लावलं. तेच फारसीतून आपल्याकडे 'फिरंगी' होऊन आलं आणि गोव्यात बसलेल्या पोर्तुगीजांना चिकटलं. त्यांच्याकडची सरळ पात्याची तलवार ती फिरंग. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर फिरंगरोगही (उपदंश) आहे. 'देशोदेशी फिरतो तो फिरंगी' ही व्युत्पत्ती मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी पाठवतं. एका निवृत्त मास्तरांनी 'रंग फिरलेला' अशीही लावली होती. कृपा करून थांबा.

मग खुद्द फ्रेंचांना मराठीत काय म्हणत? फरासीस. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात टोपीकर, म्हणजे युरोपियन, सावकारांची यादी आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस, डिंगमार (डेन्मार्कचे). फिरंगी आणि फरासीस शेजारीशेजारी, पण वेगळे! मूळ एकच असलेले दोन शब्द दोन देशांना वाटून दिले आणि अठराव्या शतकातल्या कारकुनाने त्यांत घोळ केला नाही. आता इथे आमच्या काही विद्वानांशी माझं भांडण आहे. ते ही सगळी नावं पोर्तुगीजांच्या तोंडून आली म्हणून एका दावणीला बांधतात. 'इंग्लेश'चं इंग्रज झालं, 'ओलांदेश'चं वलंदेज झालं, मान्य. दोन्हीकडे शेवटी 'ज' आला. मग 'फ्रांसेश'चं 'फरासेज' का झालं नाही? तो 'स' कुठून टिकला? माझ्या मते हा शब्द गोव्याच्या धक्क्यावरून आलेलाच नाही, तो फारसी लिहिणाऱ्या मुनशांच्या दौतीतून आला. विद्वान म्हणतात, एका व्यंजनावर एवढा डोलारा नको. व्युत्पत्ती व्यंजनांवर नाही तर कशावर उभी करायची, ते त्यांनी सांगावं. (भाजीबाजारातली फरसबी मात्र इंग्रजी 'फ्रेंच बीन'वरून आली, आणि ती शेंग मूळची अमेरिकेतली. म्हणजे तिच्या नावापुढेही कोणीतरी चुकीचाच देश लिहिला.)

फ्रेंचभाषक सगळे एकसारखं बोलतात, हाही असाच एक समज. पॅरिसमध्ये रस्त्यावरच्या थांबा-पाटीवर इंग्रजी 'स्टॉप' असतं, कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेकमध्ये मात्र फ्रेंच 'आरे'. नव्वदला पॅरिसवाला 'कात्र-व्हँ-दिस' म्हणतो, म्हणजे चार विसा दहा. माझी आजी नारळ अगदी असेच मोजायची: "चार विसा नि वर दहा." बेल्जियन आणि स्विस सरळ 'नोनाँत' म्हणून मोकळे होतात. मॉरिशसमध्ये तर ज्यांचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर गेले ते मराठी लोक घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात आणि वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात. त्यांच्यापुढे सेक्रेटरी कुठला देश लिहिणार?

हां, ते रजिस्टर राहिलंच. 'फ्रान्स' खोडा आणि 'काँगो' लिहा. पण आधी त्या पोराला विचारा, कुठला काँगो? काँगो दोन आहेत, दोघांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, आणि फ्रेंच दोन्हीकडे सरकारी भाषा आहे.