अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबससारख्या लहान गावात इतक्या नामवंत वास्तुविशारदांच्या इमारती कशा?

मुख्य कारण म्हणजे तिथल्या कमिन्स इंजिन कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी घातलेली एक अट. (हो, पुण्यात कोथरूडला कारखाना असलेली तीच कमिन्स.) युद्धानंतर गावाला भराभर शाळा हव्या होत्या. तेव्हा १९५०च्या दशकात कंपनीच्या फाउंडेशनने वास्तुविशारदाची फी स्वतः भरायची तयारी दाखवली. अट एवढीच की तो फाउंडेशनने दिलेल्या यादीतून निवडायचा. बांधकामाचा खर्च मात्र गावाचाच. पुढे हीच सोय अग्निशमन केंद्रांसारख्या इतर सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. पैशापेक्षा ही यादी जास्त कामाची ठरली असं मला वाटतं, कारण त्यामुळे ओळखीपाळखीतल्या माणसाला काम देण्याचा प्रश्नच उरला नाही.

पण सगळंच या योजनेतून उभं राहिलं नाही. एलिएल सारिनेन यांचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च १९४२चं, म्हणजे योजनेच्या आधीचं. त्यांचा मुलगा ईरो याने १९५४ची काचेची बँक आणि खुद्द मिलर यांचं घर केलं, तेही योजनेबाहेर. आणि गावाचं जुनं कोर्ट तर १८७४चं आहे.

जाणार असाल तर:
- आय. एम. पेई यांचं वाचनालय (१९६९) आणि समोरची हेन्री मूर यांची कमान. फर्स्ट ख्रिश्चन चर्चही रस्त्यापलीकडेच.
- ईरो सारिनेन यांचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च (१९६४), जरा लांब.
- मिलर यांचं घर, पण त्याचं तिकीट आधीच काढा.