ॲप्रनवर वेल्डिंग सापडलं आहे: आधी मोजमाप, मग विकणाऱ्याशी बोलणं, दुरुस्ती सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन महिन्यांपूर्वी वापरलेली गाडी घेतली. ‘गाडी कधी ठोकलेली नाही’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आता टायर बदलताना फिटरने डाव्या पुढच्या चाकाच्या वर, आतल्या पत्र्यावर (यालाच ॲप्रन म्हणतात) वेल्डिंगच्या ओबडधोबड खुणा दाखवल्या. विकणारा म्हणतो, नुसता बंपर घासला होता. गाडी चालवायला सुरक्षित आहे का आणि पैसे परत मागता येतील का, हे तुम्हाला विचारायचं आहे. अपघातातून आलेल्या गाड्यांच्या बॉडीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. त्या जागेला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका. ‘बघू या जरा’ म्हणून गॅरेजवाला सीलंट खरवडतो, अंडरकोट (खालून मारायचा काळा गंजरोधक थर) मारतो, आणि पुरावा तिथेच संपतो. चाक काढून, स्वच्छ उजेडात, लांबून आणि जवळून फोटो काढा. उजव्या बाजूची नेमकी तीच जागाही त्याच कोनातून टिपा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही त्यालाही फरक दिसतो, आणि पुढे तुम्हाला पटवायचं आहे ते बहुधा अशाच माणसाला.

आता बंपरच्या खुलाशाबद्दल. गाडीचे पत्रे दोन जातींचे असतात. बंपर, बोनेट, पुढचा फेंडर, दरवाजे, डिकीचं झाकण हे बोल्टवर बसतात. त्यातलं काहीही बदललेलं किंवा रंगवलेलं असलं तर गाडीची किंमत थोडी कमी होते, एवढंच. मी स्वतः असल्या गाडीला नाही म्हणणार नाही. ॲप्रन, शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक ज्यात बसतं तो टॉवर, पुढे जाणाऱ्या चासीच्या पट्ट्या, पिलर (छत पेलणारे खांब), छताच्या कडा आणि दाराखालचा उंबरा हे मात्र वेल्डने एकमेकांना जोडलेले असतात. तोच गाडीचा सांगाडा. बंपर घासल्याने ॲप्रनला वेल्डिंग करायची वेळ येत नाही. तिथपर्यंत मार पोचायला पुढून किंवा कोपऱ्यातून चांगलाच धक्का बसावा लागतो.

हा सांगाडा इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडण्यासाठी बनवलेला असतो. बेला बारेन्यी या अभियंत्याच्या पेटंटवर आधारलेली ही रचना मर्सिडीजने 1959 मध्ये प्रथम विक्रीच्या गाडीत आणली, आणि आज ती सगळ्यांकडे आहे. पुढच्या पट्ट्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने घडी पडत जातात, त्यात धडकेची ऊर्जा खर्च होते आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. एअरबॅगचं गणितही याच चुरडण्याशी बांधलेलं असतं. वेग किती झपाट्याने उतरतोय ते सेन्सर पाहतो आणि सेकंदाच्या काही शतांश भागात निर्णय घेतो. पट्टी तापवून सरळ केली असेल, किंवा मजबुतीसाठी म्हणून वर जाड पत्रा चढवला असेल, तर पुढच्या धडकेत ती कुठे आणि कशी दुमडेल ते कुणालाच सांगता येत नाही. जाड पत्रा पाहून मालकाला बरं वाटतं, पण न दुमडणारी पट्टी धक्का सरळ आत पोचवते.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. पिलर आणि काही पट्ट्या अति-उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात, काहींची ताणशक्ती 1500 मेगापास्कलच्या आसपास. ही ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. गॅस टॉर्चने तो भाग लाल केला की ती जाते, वरून मात्र काही दिसत नाही. म्हणून असे भाग तापवून ठोकायचे नसतात, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवे बसवायचे असतात. म्हणजे ‘ॲप्रन बदलला’ एवढ्यावरून काम वाईट ठरत नाही. नवा भाग योग्य जोडावर, मोजमाप करून आणि गंजरोधक थर देऊन बसवला असेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं नीट चालते. तुमच्या फिटरला टाके ओबडधोबड दिसले, याची मला जास्त काळजी वाटते.

कारखान्यातले स्पॉट वेल्ड लहान, गोल, किंचित खोलगट आणि बऱ्यापैकी सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमध्ये भोक पाडून भरलेले वेल्ड फुगीर असतात किंवा ग्राइंडर मारून सपाट केलेले असतात. सीलंटची रेघही बघा. कारखान्यातली रेघ दोन्ही बाजूंना एकसारखी असते, ब्रशने मारलेली लगेच ओळखू येते. फेंडरच्या आणि बोनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याने रंग उडाला आहे का, पाहा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर उत्पादनाचं साल असतं, एखादी काच गाडीपेक्षा नवी असेल तर तिचं कारण विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच छान. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेला पत्रा बहुधा 200 च्या पुढे जातो, आणि पुट्टी भरली असेल तर आकडा 500, 1000 किंवा त्याहूनही वर. साधं चुंबकीय यंत्र ॲल्युमिनियमवर चालत नाही आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर कुठलंच नेहमीचं यंत्र उपयोगाचं नाही, तेव्हा तिथले आकडे धरू नका.

वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा जस्ताचा आणि प्राइमरचा थर जळतो. पोकळ भागात नंतर मेण फवारलं नसेल तर गंज आतून सुरू होतो, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. बारीक कॅमेरा आत घालून हे बघता येतं.

एअरबॅगची तपासणी मी कधीच सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर दिवा काढला आहे किंवा दुसऱ्या दिव्याशी जोडला आहे, असा संशय घ्या. दिवा नीट लागला आणि विझला तरी खात्री होत नाही, कारण फुटलेल्या एअरबॅगच्या जागी साधा रेझिस्टर जोडून यंत्रणेला फसवणारे लोक आहेत. पुढचा मार जोराचा असेल तर सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारी यंत्रणा) उडालेले असू शकतात, आणि ते एकदाच चालतात. बेल्टच्या खालच्या टोकाला पट्टी असते, तिच्यावरची तारीख गाडीच्या तारखेशी जुळते का पाहा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बऱ्याच गाड्यांत धडकेची नोंद राहते, ती चांगल्या स्कॅनरने वाचता येते. ही सगळी तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा हेच काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या. स्टिअरिंगचं कव्हर स्वतः उघडू नका, आत स्फोटक असतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. एअरबॅगबद्दल शंका असेल, वेल्डजवळ तडा किंवा गंज दिसत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी उभी ठेवा. यातलं काहीच नसेल तर तपासणीच्या जागेपर्यंत कमी वेगाने न्यायला हरकत नाही. त्या गाडीतून कुटुंबाला घेऊन लांबचा प्रवास मात्र अहवाल हातात येईपर्यंत करू नका.

विकणाऱ्याच्या बाबतीत, फोनवरचं बोलणं थांबवा आणि लेखी कळवा. काय सांगितलं गेलं होतं, काय सापडलं, कधी सापडलं आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढंच साध्या भाषेत. शिवीगाळ नको, धमकीही नको. जाहिरातीचा फोटो, ‘ठोकलेली नाही’ असं लिहिलेले मेसेज, विक्रीचा कागद, विमा कंपनीकडून मिळेल ती जुन्या दाव्यांची माहिती आणि सर्व्हिसच्या नोंदी एकत्र करा. कायदा देशागणिक बदलतो, आणि बऱ्याच ठिकाणी व्यापारी विक्रेत्याची जबाबदारी खासगी मालकापेक्षा जास्त असते, म्हणून स्थानिक वकिलाशी किंवा ग्राहक मंचाशी लवकर बोला. उशीर केला की ‘हे नुकसान तुमच्याच हातून झालं’ म्हणायला जागा मिळते. विकणाऱ्यालाही खरंच माहीत नसेल, ही शक्यता ठेवा. त्याने स्वतः गाडी आधीच्या मालकाकडून तशीच घेतलेली असू शकते. पहिलं पत्र मऊ भाषेत लिहायचं हे एक चांगलं कारण आहे.

अहवाल स्वतंत्र तपासनिसाचा, सहीचा आणि आकड्यांसकट हवा. ‘गाडी ठोकलेली वाटते’ या वाक्याला किंमत नाही. चासी मोजण्याच्या यंत्रावर सांगाड्याचे बिंदू कंपनीच्या मापांशी ताडले जातात आणि साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. हे महाग पडत असेल तर आधी चारही चाकांचं अलाइनमेंट करा, पण काहीही ‘सेट’ करण्यापूर्वीचा प्रिंटआउट मागून घ्या. टो (वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय) आणि कँबर (समोरून पाहिलं तर चाक किती कललंय) यांवर सगळे बोलतात, तुम्ही एसएआय, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, हा आकडा शोधा. डाव्या-उजव्या बाजूंत त्यात ठळक फरक असेल आणि एसएआय व कँबर यांची बेरीज दोन्हीकडे सारखी येत असेल, तर टॉवर किंवा खालची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) जागेवरून सरकली आहे. बेरीजच वेगळी येत असेल तर स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलेला आहे, आणि ते बोल्टवर बदलता येतात. तो प्रिंटआउट आणि दोन्ही ॲप्रनचे फोटो इथे टाका, आकडे बघून पुढचं सांगतो.