जैसलमेरच्या पोस्टवर निघालेल्या पोराला

बाळा,

तुझा मेसेज वाचला. बीएसएफची पहिली पोस्टिंग जैसलमेर, आणि खाली तीन प्रश्न, काका किती गरम असतं, फायरिंग होते का, नेटवर्क येतं का. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवल्या ठेवल्या विसरतोस म्हणून लिहितोय, जपून ठेव. थोडक्यात सांगायचं तर खूप गरम असतं, फायरिंग जम्मूकडं ऐकतोस तशी नसते, आणि नेटवर्क काही ठिकाणी येतं पण सगळ्यात जास्त लफडी त्यातूनच होतात, त्यावर येतो पुढं.

आधी मुख्य गोष्ट. ट्रेनिंगमध्ये पळायला शिकवलं, नेम धरायला शिकवलं, पण बीओपीवर, म्हणजे बॉर्डरवरच्या चौकीवर, जाऊन तू सगळ्यात जास्त काय करणारेस तर बघणारेस. तेच कुंपण, तीच वाळू, त्याच दोन-चार खेजड्या, म्हणजे आपल्याकडची शमीची झाडं. पहिल्या आठवड्यात सगळं भारी वाटतं, सूर्यास्ताचे फोटो काढावेसे वाटतात, दुसऱ्या महिन्यात डोळे उघडे असतात पण दिसत काहीच नाही. हे प्रत्येकाचं होतं, लाज वाटायचं कारण नाही, पण राजस्थानची बॉर्डर हजार किलोमीटरच्या वर आहे आणि ज्याला आत यायचंय तो तुझ्या ह्या दुसऱ्या महिन्याचीच वाट बघत असतो. खाली पाणी, झोप, बूट, घरचा फोन असं जे काय सांगणारे ते सगळं ह्या एका कामासाठी आहे.

खुर्रा चेकिंग तुला गेल्या गेल्या दाखवतील. कुंपणालगत वाळूची पट्टी ओढून सपाट केलेली असते, त्यावर कोण चाललं की पाऊल उमटतं, उजाडलं की ती पट्टी चालत तपासायची. ऐकायला अगदी सोपं. पण तू भर उन्हात दुपारी जाऊन बघ, काही कळत नाही, सगळं पांढरं फटक. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा प्रत्येक खड्ड्याला सावली पडते, आणि ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे येईल असं उभं राहिलं तर पुसट पाऊल पण उठून दिसतं. ताज्या ठशाची कड धारदार असते, वारा लागला की ती बोथट होते. ठशावरून किड्याची किंवा उंदराची बारीक रांग गेलेली दिसली तर समजायचं माणूस आधी गेला आणि किडा नंतर, म्हणजे ठसा रात्रीचा किंवा त्याआधीचा. ओझं घेऊन चालणाऱ्याचं पाऊल खोल आणि आखूड पडतं. काहीजण उलटं चालत येतात म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गडी तिकडं गेला, पण उलट्या चालण्यात पाऊल घसटतं आणि वाळू चुकीच्या बाजूला उडते, एकदा दाखवलं की परत फसत नाहीस. काहीजण पायाला फडकं गुंडाळतात. तेव्हा पाऊल शोधायचं नाही, सपाट वाळूत जिथं बिघाड दिसतो ते शोधायचं.

आणि हे पुस्तकातून येत नाही रे. तिकडं पगी म्हणतात माग काढणाऱ्याला. गुजरातेत बनासकांठ्याचे रणछोडदास रबारी म्हणून होते, मेंढरं उंट राखणारा माणूस, १९६५ आणि १९७१ दोन्ही लढायांत त्यांनी लष्कराला वाटा दाखवल्या, पुढं आपल्या फोर्सनं एका पोस्टला त्यांचं नाव दिलं. तुझ्या पोस्टवर पण एखादा जुना हवालदार असेल, किंवा गावातला कोणी म्हातारा, त्याच्या मागं मागं फिर, चहा पाज, आणि तो खाली बसून बघत असेल तर तू पण खाली बस. उभा राहून प्रश्न विचारू नकोस.

लोंगेवाला तू बघायला जाशीलच, रणगाडे ठेवलेत तिथं, सगळे त्यावर चढून फोटो काढतात. पण ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथं आधी काय झालं तर पुढं बॉर्डरवर गस्तीला गेलेल्या तुकडीनं आवाज ऐकला. गाड्या येताहेत, भरपूर येताहेत. ते तिथले कमांडर मेजर चांदपुरींना कळलं आणि मग २३ पंजाबची ती एक कंपनी आणि सोबत आपले बीएसएफचे काही जवान रात्रभर टिकून राहिले, सकाळी जैसलमेरहून वायुसेनेची हंटर विमानं आली. रात्री त्या गस्तीवाल्यांनी पेंगत पेंगत आवाज वारा समजून सोडला असता तर काय, ह्याचा विचार रात्री एका जागी दबा धरून नाका ड्युटीला बसशील तेव्हा कर. हल्ली तर कान आणखीनच लागतो, बिकानेर गंगानगर साइडला ड्रोननं हेरॉईन टाकतात, अंधारात ते आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, दिसलं तर.

अजून एक, नवीन पोरांना हे कोणी नीट सांगत नाही. कुंपण म्हणजे बॉर्डर नव्हे. कुंपण साधारण दीडशे यार्ड आत असतं, त्याच्या पलीकडची वाळू पण आपलीच, आणि खरी रेषा फक्त बॉर्डरच्या नंबर घातलेल्या पिलरवरून कळते, मधे काहीच नाही. एप्रिल २०२५ मध्ये पंजाबात आपला एक जवान चुकून पलीकडं गेला, पाकिस्तानी रेंजर्सनी धरलं, पहलगामनंतरचे दिवस, १४ मेला अटारीवरून परत मिळाला. तिथं निदान शेतं आहेत, झाडं आहेत, ओळखायला काहीतरी आहे. जैसलमेरमधल्या शाहगढकडं तर धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, स्वतःच सरकतात, कालची टेकडी आज तिथं नसते, कुंपण पण वाळूखाली जातं. म्हणून पिलर नंबर पाठ कर आणि रात्री ध्रुव तारा बघायची सवय लाव, आपल्याकडं दिसतो त्यापेक्षा तिथं थोडा वर दिसेल. जीपीएस असतं, पण बॅटरी संपते.

आता गरमी. फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री नोंदलं गेलं, आणि ते सावलीतलं, हवेचं. वाळू त्याच्या बरीच वर जाते. जवान वाळूत पापड भाजतानाचे व्हिडिओ तू बघितले असशील, मला ते आवडत नाहीत, लोक वा वा करतात आणि पुढं स्क्रोल करतात, पण खोटे नाहीत ते. ऑपरेशन गरम हवा, म्हणजे उन्हाळ्यातली वाढीव गस्त, बरोबर त्याच दिवसांत लागतं, म्हणजे सगळ्यांना घरात बसावंसं वाटतं तेव्हा ड्युटी वाढते. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, तहान उशिरा सांगते. नुसतं पाणी पीत राहिलास तर मीठ कमी होऊन चक्कर येईल, ओआरएस कायम खिशात. लघवीचा रंग बघायचा, गडद झाला की समज मागं पडलास. आणि एखादा पार्टनर उगाच चिडायला लागला, बरळायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला तर थट्टा करायची नाही, लगेच सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, आणि मेडिकलवाल्याला कॉल. ऊन लागून माणूस तासाभरात हातचा जातो.

कॅनव्हासची छागळ, म्हणजे पाण्याची पिशवी, मिळाली तर घे, कोरड्या वाऱ्यात पाणी मस्त गार राहतं, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं तरी चालतं. थंडीचं पण सांगून ठेवतो, जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास येतो आणि वाळू गरमी धरून ठेवत नाही, तेव्हा जर्सी मागं ठेवून जायचा शहाणपणा करू नकोस.

हत्यार. तिथली वाळू पिठासारखी बारीक, ती कुठं जात नाही विचार. ट्रेनिंग सेंटरला भरपूर तेल लावायची सवय लागलेली असते, तिथं तेल जास्त झालं की वाळू चिकटून आतमध्ये घासकागद तयार होतो. पातळ हात फिरवायचा, पुसायचं, आंधी, म्हणजे वाळूचं वादळ, येऊन गेली की ड्युटी संपायची वाट न बघता मॅगझिन आणि नळीचं तोंड तपासायचं. उस्ताद वेगळं सांगत असतील तर उस्तादांचं ऐक, हत्याराप्रमाणे फरक असतो.

साप विंचू. फुरसं तर आहेच, अंगावरचे खवले घासून आवाज करतं म्हणून निदान कळतं तरी. दुसरा तिकडचा मण्यारीतला एक, पीवणा म्हणतात, लोक सांगतात की झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो. श्वासबिस काही पीत नाही, रात्री चावतो आणि चावलेलं धड दुखत नाही, सकाळी माणूस उठत नाही म्हणून ती गोष्ट तयार झाली. जमिनीवर झोपायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, रात्री दहा पावलं जायचं असलं तरी टॉर्च. चावलंच तर कापाकापी नाही, घट्ट बांधणं नाही, चावलेला हात-पाय हलवायचा नाही आणि थेट दवाखाना.

झोप तुटक मिळणार, हे मान्य करूनच जा. दिवसा मिळेल तेव्हा झोपायचं, अंधार करून, मोबाईल लांब ठेवून. तिथं कूलर भारी चालतो कारण हवा कोरडी, पाऊस आला की तो पण रुसतो.

आता मोबाईल. घरी फोन ड्युटीच्या आधी लावू नकोस, नंतर लाव. हे मी फार गंभीरपणे सांगतोय. घरी जमिनीचा वाद असतो, हप्ता थकलेला असतो, आईचं आणि बायकोचं काहीतरी झालेलं असतं, तू ऐकतोस आणि मग रात्री दोन वाजता एकटा ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागेवर, हातात भरलेली रायफल, डोक्यात तेच तेच फिरतंय. ह्यातून वाईट झालेलं आहे आपल्या फोर्समध्ये, पेपरात येतं तेवढंच नाही. म्हणून ड्युटीनंतर फोन, त्यावर झोप, मग ज्याच्यावर भरवसा त्याच्याशी बोल. आणि उलटं पण तेवढंच, जो रोज व्हॉलीबॉलला यायचा तो यायचा बंद झाला, लंगरात, म्हणजे जेवायच्या जागी, एकटा बसायला लागला, तर त्याच्या शेजारी जाऊन बस आणि सीएचएमच्या, म्हणजे कंपनी हवालदार मेजरच्या, कानावर घाल. चुगली नाही ती. सुट्टीचा अर्ज अडकलाय म्हणून माणूस आतल्या आत कुढतो, अशा वेळी सैनिक संमेलनात उभं राहून बोलायचं असतं, त्यासाठीच ते असतं.

आणि ते दुसरं लफडं. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येईल, फोटो छान, बोलणं गोड, कोणी नर्स सांगेल कोणी पत्रकार, महिनाभर तुझं जेवण विचारेल आणि मग सहज विचारेल की तुमच्या गाड्या कुठं चालल्यात. जैसलमेर भागात ह्यात लोक अडकलेत, सरळ शासकीय गुपित कायदा लागतो, १९२३ चा आहे पण दात अजून शाबूत आहेत. पोस्टचा फोटो नको, मागं टॉवर दिसतोय असा सेल्फी नको, कोणी पाठवलेलं ॲप नको. तू म्हणशील काका मी काय एवढा खुळा आहे का. अडकले ते पण खुळे नव्हते, एकटे होते.

उंट. गस्तीला अजून लागतो, धोऱ्यात जिथं गाडी रुतते तिथं तो आरामात जातो, आणि पुढं काही असलं की तुझ्या आधी त्याचे कान आणि मान वळते, म्हणून रायडर काय करतोय त्यापेक्षा उंट कुठं बघतोय ते बघ. हिवाळ्यात नर माजावर येतो, तोंडातून फेस आणि तो लाल फुगा बाहेर काढतो, तेव्हा लाडात जवळ जायचं नाही, चावतो आणि चांगलाच चावतो.

गावातल्या लोकांशी नीट वाग. बॉर्डरच्या ढाण्यांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, कितीतरी जणांची सोयरीक पलीकडं आहे, सोढा राजपूत असोत नाहीतर मुसलमान पशुपालक, म्हणून लगेच संशयानं बघायचं नाही. नवा माणूस, नवी गाडी, नवा उंट सगळ्यात आधी त्यांना दिसतो. राम राम सा म्हणून थांबलास तर ते सांगतील, रुबाब दाखवलास तर गप्प बसतील.

तनोटला जाऊन ये, मंदिर आपलीच फोर्स सांभाळते, १९६५ चे न फुटलेले गोळे ठेवलेत. नशीब असलं तर वाटेत माळढोक पण दिसेल, तिकडं गोडावण म्हणतात, दिसला तर मला कळव.

ट्रंकेत टाक: डोळ्यांना पूर्ण झाकणारा साधा गॉगल (फॅशनचा नको, बाजूनं वाळू येते), सुती पंचे दोन-तीन, व्हॅसलीन ओठांना, नाकात लावायला तेलाची छोटी बाटली कारण कोरड्या हवेनं नाकातून रक्त येतं, पायाची पावडर, मोजे जास्तीचे, सुई-दोरा, एक वही. वहीत पोस्टचं काही लिहायचं नाही, घरचा हिशोब आणि सुट्टीच्या तारखा एवढंच. पांघरूण तिथं मिळतं, इथून ओझं नेऊ नकोस. पोचलास की दोन ओळींचा मेसेज टाक, पोस्टचं नाव न लिहिता.

तुझा,
काका